एसीशिवाय ऑफिस गार राहील का? आधी पश्चिमेच्या काचेचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चार मजली ऑफिस बांधायचंय, डिझाइन अजून कागदावर आहे, रस्ता पश्चिमेला आहे म्हणून इमारतीची लांब बाजू रस्त्याकडे तोंड करून ठेवलीये आणि तिकडे खालपासून वरपर्यंत काच आहे. आर्किटेक्ट म्हणतात काच भारीतली वापरू, बाकी पॅसिव्ह डिझाइन करू, म्हणजे मशीनऐवजी सावली, वारा आणि बांधकाम यांनीच इमारत गार ठेवू. आणि तुम्ही विचारताय की पॅसिव्हच्या सगळ्या उपायांची यादी द्या आणि एसी पूर्ण टाळता येईल का ते सांगा.

यादी देता येईल पण तिचा तुम्हाला उपयोग होणार नाही असं मला खरंच वाटतं, कारण यादीतला प्रत्येक उपाय कुठेतरी चालतो आणि कुठेतरी उलटा पडतो, आणि त्यांचा क्रम चुकला तर चांगला उपायही वाया जातो. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे की त्या पश्चिमेच्या काचेजवळ बसणारा माणूस दुपारी चार वाजता नीट काम करू शकेल का. एसी लावायचा की नाही हे त्यानंतर ठरतं. तो प्रश्न सुटला की एसी एक तर खूप छोटा लागतो किंवा वर्षातले बरेच महिने बंद ठेवता येतो.

आधी आराम म्हणजे काय ते बघू, कारण इथेच बऱ्याच मीटिंगमध्ये घोळ होतो. सगळे थर्मोस्टॅटवरचा आकडा धरून बोलतात. पण माणसाला गरम वाटणं सहा गोष्टींवर अवलंबून असतं: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि तो काय काम करतोय ते. फँगर नावाच्या डॅनिश संशोधकाने १९७० च्या सुमारास हे गणितात बसवलं आणि आजही स्टँडर्ड्स तिथूनच सुरुवात करतात. थर्मोस्टॅट यातली एकच गोष्ट मोजतो. वारा फार नसेल तर शरीराला जाणवणारं तापमान साधारण हवेचं आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं सरासरी असतं. आता चार वाजताची खिडकी घ्या. हवा २४ अंश आहे, पण ऊन खाऊन काच चाळिशीच्या आसपास गेलीये, शेजारची फ्रेम त्याहून तापलीये, आणि त्या टेबलावरून बघितलं तर पृष्ठभागांची सरासरी ३२ भरते. म्हणजे त्या माणसाला जाणवतंय २८, आणि थेट ऊन अंगावर पडत असेल तर त्याहूनही जास्त. तो म्हणतो एसी वाढवा. एसी वाढवला की आत मध्यभागी बसलेल्यांना हुडहुडी भरते, ते म्हणतात कमी करा. हे भांडण एसीवाल्याला कधीच सोडवता येत नाही कारण ते हवेचं नाहीये, काचेचं आहे. (चालू ऑफिसमध्ये तपासायचं असेल तर साधी इन्फ्रारेड गन घेऊन काच, भिंत, छत असं मोजत जा, अर्ध्या तासात कळतं. फक्त चकचकीत धातूवर ती चुकीचं रीडिंग देते, तिथे कागदी टेप चिकटवून टेपवर मोजा.)

आता त्या काचेचा हिशोब करूनच दाखवतो. पश्चिमेच्या भिंतीवर स्वच्छ आकाश असताना दुपारनंतर प्रत्येक चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन सहज पडतं. तुमच्या एका मजल्यावर १० मीटर लांब आणि ३ मीटर उंच काच धरली तर ३० चौरस मीटर झाले. साधी स्वच्छ काच त्यातली साधारण ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे १४ किलोवॅटच्या वर. बसून काम करणारा माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे फक्त त्या काचेतून संध्याकाळी जवळजवळ १४० जास्तीची माणसं ऑफिसात येऊन बसल्यासारखं झालं. एसीच्या भाषेत हे चार टन, एका मजल्याच्या दहाच मीटरला. भारीतली सोलर कंट्रोल काच घेतली, जी ३० टक्केच उष्णता आत सोडते, तर ते साडेपाच किलोवॅटच्या आत येतं. हे नक्कीच चांगलं आहे, पण संपलं असं समजू नका, कारण ती काच जेवढं आत सोडत नाही त्यातलं काही स्वतः शोषते आणि स्वतः तापते, आणि वर म्हटलं तसं तापलेली काच शेजारच्या माणसाला भाजतेच. शिवाय अशी काच उजेडही कमी करते, मग आत दिवसा लाइट लागतात आणि त्या लाइटची परत उष्णता.

म्हणून माझा आग्रह नेहमी एकच असतो की ऊन काचेच्या बाहेर अडवा. आतले ब्लाइंड्स लावले तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं, ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. फिका रंग असेल तर थोडं परत बाहेर जातं, गडद असेल तर जवळजवळ काहीच नाही. बाहेर सावली असेल तर पाती तापतात आणि तो ताप बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जातो. आतले ब्लाइंड चकाकीसाठी ठेवाच, ते लागतातच, पण उष्णतेचं काम त्यांच्यावर सोपवू नका.

आता बाहेरची सावली म्हणजे सगळे आधी छज्जा काढतात, आणि पश्चिमेला छज्जा काढणं हे पैसे घालवण्याचं काम आहे. हे कसं ते बघा. छज्जा किती बाहेर यायला हवा हे सोपं आहे, खिडकीची उंची भागिले सूर्याच्या कोनाचा टॅन. मध्यान्हीच्या सूर्याकडे तोंड असलेली बाजू घेतली (उत्तर गोलार्धात दक्षिण बाजू, दक्षिण गोलार्धात उत्तर), सूर्य ६० अंशावर धरला आणि खिडकी २ मीटर उंच, तर छज्जा १.१५ मीटरचा पुरतो. एवढा मोठा नको असेल तर त्याचे पाच भाग करा, २३ सेंटीमीटरच्या पाच आडव्या पट्ट्या एकाखाली एक ४० सेंटीमीटर अंतरावर, सावली तेवढीच पडते. तीच खिडकी पश्चिमेला लावा आणि सूर्य ३० अंशावर आलाय असं धरा, तर छज्जा जवळजवळ साडेतीन मीटरचा लागतो. आणि सूर्य अजून खालीच जाणार आहे. म्हणजे पश्चिमेला आणि पूर्वेला आडवा छज्जा एकट्याने कधीच पुरत नाही, तिथे उभे फिन्स (भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या) लागतात, तेसुद्धा तिरके वळवलेले, किंवा जाळी, किंवा सरकणारी शटर्स. मेलबर्नचं काउन्सिल हाउस टू नावाचं ऑफिस आहे, २००६ मध्ये झालेलं, त्याच्या पश्चिमेच्या बाजूला लाकडी लूव्हर्स म्हणजे पट्ट्यांच्या झडपा आहेत ज्या सूर्याप्रमाणे हलतात. हलणारं काहीही म्हटलं की मेंटेनन्स आला हे खरं, धूळ बसते, मोटर जाम होते, म्हणून माझ्याकडे क्लायंटचा मेंटेनन्स स्टाफ पक्का नसेल तर मी फिक्स फिन्सच सुचवतो आणि त्याबदल्यात काच कमी करतो.

काच कमी करणं हाच खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि त्यालाच सगळ्यात जास्त विरोध होतो. भिंतीच्या ३० ते ४० टक्के काच असली तरी ऑफिसला उजेड पुरेसा मिळतो, फक्त ती योग्य उंचीवर हवी. टेबलाच्या खालची काच तुम्हाला काय देते? उजेड टेबलावर येत नाही, बाहेरचं दिसत नाही, फक्त पायांना ऊन लागतं आणि वायरींचा गुंता रस्त्यावरून दिसतो. तो भाग भरीव करा, आत इन्सुलेशन घाला. बाहेरून इमारत काचेसारखीच दिसायला हवी असेल तर त्या भागात रंगीत काच लावून मागे इन्सुलेटेड भिंत घेता येते. मात्र काच आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये उष्णता कोंडते, म्हणून ती काच टफन्ड किंवा हीट स्ट्रेंदन्ड घ्या, साधी घेतली तर तडकू शकते.

प्लॉटने परवानगी दिली तर मुळात इमारत फिरवता येईल का हेही विचारा. लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला, असं झालं तर वरचं अर्धं दुखणं जातं. रस्ता पश्चिमेला आहे म्हणून जमत नसेल तर निदान जिने, लिफ्ट, टॉयलेट, सर्व्हर, स्टोअर हे सगळं पश्चिमेच्या भिंतीला लावा. माणसं तिथे आठ तास बसत नाहीत, आणि त्या खोल्या मधल्या उशीसारखं काम करतात. एंट्रन्सचा काचेचा भाग तिकडे असू दे की, लॉबीत कोणी दिवसभर बसत नाही. आर्किटेक्टला दर्शनी बाजू हवी असते आणि ती भावना मला समजते, पण खोल सावल्या पडणारी भिंत सपाट काचेपेक्षा दिसायलाही छानच असते.

गच्चीचं पटकन सांगतो कारण चार मजल्यात ती फक्त वरच्या मजल्याला त्रास देते, पण त्या मजल्याला खूप देते. फिका परावर्तक रंग किंवा फरशी, आणि इन्सुलेशन स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगबरोबर नीट डिटेल करून. स्लॅबच्या खाली इन्सुलेशन लावलं तर स्लॅब वर उन्हात भाजत राहतो आणि तुम्ही त्याचा थंडावा वापरूही शकत नाही. सोलर पॅनेल लावणार असाल तर त्यांची सावली हा बोनस.

आता थर्मल मास (म्हणजे उष्णता साठवून ठेवणारं जड काँक्रीट) आणि रात्रीची हवा. हे लोकांना फार आवडतं आणि इथेच सगळ्यात जास्त "परिस्थितीवर अवलंबून" आहे. झिम्बाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर तुम्हाला कोणीतरी दाखवलं असेलच, १९९६ ची इमारत, मिक पीअर्स यांचं डिझाइन, वाळवीच्या वारुळाची उपमा देऊन सगळीकडे फिरते. ती चालते हे खरं आहे. पण हरारे समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे, रात्री चांगल्या गार होतात, इमारत जड काँक्रीटची आहे, खिडक्यांवर खोल सावली आहे, आणि रात्रीची हवा आत खेळवायला पंखे आहेत. यातली एक गोष्ट काढली की बाकीची कोसळते. तुमच्याकडे दिवस आणि रात्रीच्या तापमानात ८-१० अंशांचा फरक पडत असेल आणि रात्रीची हवा कोरडी असेल तर हे जरूर करा. रात्रही दमट आणि उकाड्याचीच असेल तर खिडक्या उघड्या ठेवून तुम्ही फक्त बाष्प आत घेता, ते कार्पेट, कागद, फर्निचर सगळं शोषून घेतं आणि सकाळी एसी आधी ते वाळवत बसतो.

मास किती काम करतो त्याचाही अंदाज देतो. स्लॅबचा खालचा १० सेंटीमीटर थर रोजच्या चक्रात भाग घेतो असं धरा. एका चौरस मीटरचं वजन २४० किलो, ते एक अंश तापायला जवळजवळ ५८ वॅट-तास लागतात. रात्री गार झालेला स्लॅब दिवसभरात तीन अंश वर गेला तर त्याने १७५ वॅट-तास पोटात घेतले, आठ तासांत वाटले तर चौरस मीटरला २२ वॅट. एलईडी लाइट आणि लॅपटॉप असलेल्या आजच्या ऑफिसात माणसं, लाइट, मशिन्स मिळून जी उष्णता होते त्याचा हा मोठा हिस्सा आहे. पण दोन अटी आहेत. पहिली, स्लॅब उघडा हवा. खाली फॉल्स सिलिंग मारलं की खोली आणि स्लॅब यांची गाठच पडत नाही, आणि मी बघितलेल्या कितीतरी ड्रॉइंगमध्ये एका पानावर "एक्सपोज्ड थर्मल मास" लिहिलेलं असतं आणि इंटिरियरच्या पानावर पूर्ण मजल्याला जिप्समचं सिलिंग असतं. आवाज घुमतो म्हणून सिलिंग हवं असतं, ती अडचण खरी आहे, त्यावर उभे लटकवलेले अकूस्टिक बॅफल्स (आवाज शोषणारे पट्टे) लावा, मधून हवा फिरते. दुसरी अट म्हणजे काचेवर सावली असलीच पाहिजे. वरचे १४ किलोवॅट आत येत राहिले तर २२ वॅटचा स्लॅब दुपारच्या आतच संपतो. म्हणूनच म्हणतो क्रम महत्त्वाचा.

वायुवीजनाबद्दल. दोन्ही बाजूंनी खिडक्या असतील तर मजल्याची खोली (खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर) छताच्या उंचीच्या पाचपटीपर्यंत हवा आरपार जाते असा ठोकताळा आहे, एकाच बाजूने असेल तर दोन ते अडीचपट. म्हणजे ३ मीटर उंचीला १५ मीटर. पण हे मोकळ्या मजल्याला. मध्ये पूर्ण उंचीच्या केबिन्स आल्या की खेळ संपला, तेव्हा केबिन्सना वर झरोके ठेवा किंवा केबिन्स मध्यभागी घ्या आणि खिडक्या सगळ्यांसाठी मोकळ्या सोडा. एट्रियममधून (सगळ्या मजल्यांतून वर जाणाऱ्या मोकळ्या चौकातून) गरम हवा वर काढायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की ती हवा वर ढकलणारा दाब फारच नाजूक असतो, उंचीच्या दर मीटरला आणि दर अंश फरकाला ०.०४ पास्कल. १२ मीटर उंची आणि ४ अंश फरक म्हणजे दोन पास्कलसुद्धा नाही. बारीक जाळी, अर्धवट उघडणारी खिडकी, बंद राहणारं फायर डोअर, यातलं काहीही तो खाऊन टाकतं. आणि एट्रियमचं तोंड सगळ्यात वरच्या मजल्याच्या बरंच वर न्यायला लागतं, नाहीतर खालच्या तीन मजल्यांची गरम हवा चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या अंगावर येते. धुराचा प्रश्नही तिथेच येतो, म्हणून फायर कन्सल्टंटला पहिल्या दिवसापासून बसवा.

पंख्यांना लोक पॅसिव्ह मानत नाहीत म्हणून विसरतात, मी मात्र छताचा पंखा जवळजवळ प्रत्येक उष्ण प्रदेशातल्या ऑफिसात मागतो. सेकंदाला ०.८ मीटर वाऱ्याने अडीच-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. म्हणजे एसी २४ ऐवजी २७ ला ठेवून तोच आराम. फक्त लाइट पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, सतत उजेड लुकलुकतो आणि लोकांचं डोकं दुखतं, मग ते पंखा बंद करतात आणि सगळं मुसळ केरात.

मग एसीचं काय. खिडक्या उघडता येणाऱ्या आणि त्या लोकांच्या हातात असलेल्या इमारतींसाठी स्टँडर्डमध्ये वेगळा निकष आहे, अमेरिकेच्या अ‍ॅशरे या संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या स्टँडर्डमध्ये २००४ पासून. त्यात आरामाचं तापमान बाहेरच्या सरासरीबरोबर वर-खाली होतं: बाहेरच्या सरासरीला ०.३१ ने गुणा आणि १७.८ मिळवा. बाहेर सरासरी ३० असेल तर आत २७ च्या आसपास, आणि साडेतीन अंश वर-खाली चालतं, ८० टक्के लोकांना. म्हणजे साडेतीस अंशांपर्यंत मान्य. हे ऐकून क्लायंट खूश होतात, पण अट वाचा: लोकांना खिडकी उघडता आली पाहिजे, कपडे हलके घालता आले पाहिजेत, आणि तिथे एसी बसवलेला नसला पाहिजे. सूट-टायची सक्ती असलेल्या बंद काचेच्या ऑफिसला हा आकडा लावणं म्हणजे लोकांवर अन्याय आहे.

तुमच्यासाठी मला मिश्र पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते. बरे महिने खिडक्या आणि पंखे, वाईट आठवडे एसी, आणि खिडकी उघडी असेल तर त्या भागाचा एसी बंद होईल असा साधा सेन्सर. यात एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: एसीचं गणित सावली धरून करायला लावा. बहुतेक वेळा एसीवाला सावली "होईल न होईल" म्हणून उघड्या काचेवर टन काढतो, मग मशीन मोठं येतं, लगेच थंड करून बंद पडतं, हवेतलं बाष्प निघतच नाही, आणि लोक थंड पण चिकट हवेत बसतात. वर फिन्सचे पैसेही गेले आणि एसीचेही. ज्या पैशांत फिन्स व्हायला हवेत ते याच छोट्या मशीनमधून वाचवायचे असतात, आणि बजेट कापताना फिन्स कापले तर एसीचं सगळं गणित परत करायला लागतं हे लेखी घेऊन ठेवा.

थंड प्रदेश असेल तर यातलं बरंच उलटं होतं, तिथे हिवाळ्याचं ऊन आत हवं असतं आणि इन्सुलेशन, फटी बंद करणं आधी येतं, पण पश्चिमेच्या उघड्या काचेचा उन्हाळ्यातला त्रास तिथेही सुटत नाही.

अजून नेमकं सांगायला मला तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात: अक्षांश, सगळ्यात उष्ण महिन्यातलं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान दमटपणासकट, मजल्याची खोली आणि उंची, आणि पश्चिमेला समोर काय आहे ते, कारण समोर उंच इमारत किंवा मोठी झाडं असतील तर चार वाजताचं ऊन तीच अडवतील आणि खालच्या दोन मजल्यांना फिन्स लागणारच नाहीत. तोपर्यंत आर्किटेक्टला एक काम सांगा. मॉडेलमध्ये उन्हाळ्यातला एक दिवस आणि विषुवदिनाचा एक दिवस घेऊन दुपारी दोन, तीन, चार आणि पाच वाजता ऊन आत टेबलांवर कुठपर्यंत येतं त्याची चित्रं काढून द्या म्हणावं, प्रत्येक मजल्याची वेगळी. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काही मिनिटांचं काम असतं. ती चित्रं मिळाली की इथे टाका, फिन्सचा कोन आणि अंतर त्यावरून काढू.